ऊन पाण्याची नळी

देवाने हे जग घडवताना त्यात निम्मे नटबोल्ट जास्तीचे घातले आणि ते काढून टाकायची जबाबदारी आपल्यावर सोपवली, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि नेमका तो माझ्या बायकोचा मामा निघाला. वडगाव रासाईला भीमेच्या काठी मामांची ऊस-कांद्याची शेती आहे. पण लोकांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाईल असतो तिथे यांच्या खिशात पाना असतो. कुठल्याही वस्तूसमोर उभे राहिले की मान जराशी तिरपी करून ते एकच प्रश्न विचारतात, "ह्याचं काम काय?" उत्तर द्यायला तुम्ही अडखळलात की ती वस्तू गेलीच म्हणून समजा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा असाच गेला. "कांद्याला चार म्हैनं लागत्यात, उसाला वरीस. सेकंद मोजून करू काय?" मोटारसायकलचे इंडिकेटर गेले, कारण मागून येणारा माणूस गावचाच असतो आणि मामा कुठे वळणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. आमच्या कारेगावच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी दारावरची बेल उतरवून माझ्या हातात दिली. "दार उघडंच असतंय की तुमचं," म्हणाले. मी कंपनीत मेंटेनन्सला आहे, म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवण्याचाच पगार घेतो. तरीही ती बेल मी परत लावलेली नाही. खरं सांगायचं तर तिच्यावाचून काही अडलंही नाही.

मुलीच्या लग्नात तर मामांनी कहर केला. आमच्याकडे लग्नपत्रिका म्हणजे अर्ध्या तालुक्याची मतदारयादी असते. मामा छापखान्यात जाऊन बसले आणि प्रत्येक नावापुढे पेन धरून विचारू लागले, "ह्यो मांडवात काय काम करनार हाय?" शेवटी पत्रिकेवर नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईबाप, आचारी आणि मांडववाला एवढीच नावं उरली. सगळी भावकी रुसली. रुसली, पण लग्नाला आली आणि नेहमीपेक्षा दोन घास जास्तच जेवली. मामा म्हणाले, "बघा जावईबापू, नावं काढली तरी कार्य न्हाई थांबलं." या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

म्हणूनच नदीवरच्या डिझेल इंजिनाचं जे झालं त्यात मी निमूटपणे सामील झालो. हे इंजिन मामांच्या लग्नाच्या वर्षी आलेलं. एवढी वर्षं त्यानेच पंप ओढला. मग एका जानेवारीत नदीकाठापर्यंत विजेची लाईन आली, वायरमनने त्याच पंपाला मोटर जोडली आणि इंजिन रिकामं झालं. बाकीचे शेतकरी अशी इंजिनं तिथेच गंजू देतात. त्यांच्यावर कपडे वाळत घालतात, कोंबड्या बसतात. मामांना ते बघवेना. त्याच आठवड्यातल्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघांनी त्या इंजिनाचं सगळं सोडवलं. पट्टा, डिझेलची टाकी, धुराडं, हँडल, सगळं. फ्लायव्हील उचलताना माझी कंबर जी धरली ती आठवडाभर सुटली नाही. प्रत्येक भाग उतरवताना मामा त्याला शेवटचं विचारायचे, "तुझं काम काय आता?" आणि उत्तराची वाट न पाहता बाजूला ठेवायचे.

राहता राहिली एक नळी. इंजिन तापू नये म्हणून पंपाचंच थोडं पाणी त्याच्या पोटातून फिरायचं आणि या अर्ध्या इंचाच्या नळीतून बाहेर पडायचं. इंजिनच नाही म्हटल्यावर नळीचं काम काय? मामांनी ती आटे फिरवून काढली आणि पंपाला जिथून ते पाणी सुटायचं त्या भोकात, गळू नये म्हणून सूत-सफेदा लावून, प्लग आवळला. संध्याकाळच्या आत सगळं भंगार टेम्पोत पडून यवतला गेलंसुद्धा. मोकळ्या झालेल्या ओट्याकडे मामा नवीन सून घरात आल्यासारखे कौतुकाने बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कंबरेमुळे मी रजा टाकून तिथेच होतो, म्हणून पुढचं मला डोळ्यांनी बघायला मिळालं. त्या वर्षीची कांद्याची लागण त्याच दिवशी सुरू झाली. थंडीतली कांद्याची लागण म्हणजे सकाळपासून गार चिखलात बोटं खुपसायची. दुपारपर्यंत बायकांच्या हातांना घास धरवत नाही. त्यात मामींची बोटं संधिवाताने आधीच वाकलेली. जेवणाच्या सुट्टीत मामी पंपाशी आल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीने दोन्ही हात त्या जागी धरून उभ्या राहिल्या. पाणी आलं नाही. इंजिनाच्या पोटातून फिरून आलेलं ते पाणी कढत निघायचं, त्यात रोज हात शेकायचे, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नळी कुठाय?" मामींनी विचारलं.

"काढली. बिनकामाची व्हती."

"माझ्या कामाची व्हती," मामी म्हणाल्या, आणि गार पाटात हात धुवून निघून गेल्या. मला त्या वेळी माझ्या कंबरेचीसुद्धा लाज वाटली.

त्यानंतर मामींनी घरात मामांचाच कायदा लावला. मामांची उशी गेली. मान ताठ असलेल्या माणसाला उशीचं काय काम? चहातली साखर गेली. मामांनी विचारलं तर उत्तर आलं, "ग्वाड बोलायला हाय कोन हितं?" मग बोलणंही गेलं. आठव्या दिवशी मामांचा मला फोन आला. आवाज खोल गेलेला. "जावईबापू, यवतला चला जरा. येक वस्तू परत आनायची हाय."

मामा काही परत आणायचं म्हणतात हे ऐकूनच मी गाडी काढली. भंगारवाला उत्तरेकडचा. "चाचा, एक पाईप के लिए इतना परेशान?" म्हणत त्याने ढिगाकडे बोट दाखवलं. मामा गुडघ्यावर बसून तासभर तो ढीग उपसत होते. मी म्हटलं, अर्ध्या इंचाची नळी कुठेही नवीन मिळेल. त्यांचा हात थांबला नाही. सापडली तेव्हा त्यांनी तिचं तोंड मला दाखवलं. चपटं होतं, हातोडीने ठोकलेलं.

"लगीन झालं त्या थंडीत म्याच ठोकलं व्हतं," मामा म्हणाले. "पानी पसरट पडावं, हिचं दोनी हात येकदम बसावं म्हनून. इसरूनच गेलो बघा." एवढं बोलून ते पुसायची गरज नसलेली नळी धोतराने पुसत बसले. मी भंगारवाल्याशी उगाच काहीतरी बोलत राहिलो.

मग मामांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काही काढायच्या ऐवजी जोडलं. पंपावरचा प्लग सोडवला, तिथून एक पाईप पंपघराच्या पत्र्यावर नेला, वर काळा रंग दिलेला ड्रम उन्हात ठेवला आणि त्या ड्रमाला खाली तीच चपट्या तोंडाची नळी बसवली. सकाळी भरलेला ड्रम दुपारपर्यंत तापतो. पहिल्या दिवशी मामी आल्या, नळीकडे पाहिलं, हात धरले. मामा पाना हातात घेऊन बाजूला उभे होते.

"ऊन हाय का?"

मामी बराच वेळ हात तसेच धरून होत्या. "हाय," म्हणाल्या. "निस्ता डिझेलचा वास न्हाई."

संध्याकाळच्या चहात साखर होती.

आता लागणीच्या दिवसांत सवड काढून मी तिकडे जातो. इंजिनासारखं कढत पाणी उन्हाला कुठून जमायचं. फार तर कोमट होतं. आणि आभाळ आलं की ड्रमातलं पाणी पाटातल्यासारखंच गार असतं. परवा असाच ढगाळ दिवस होता. जेवणाच्या सुट्टीत मीही त्या नळीखाली हात धुतले आणि बोटं आखडून बाजूला झालो. माझ्यामागून मामी आल्या, दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. मामांनी लांबून विचारलं, "ऊन हाय का गं?"

मामी म्हणाल्या, "हाय."