सोनेरी जाकिटातली शैला

शैला गेल्याची बातमी मला त्या व्हिडिओनंच दिली. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी तो येऊन पडला होता. सोनेरी जाकीट, कुरळ्या केसांवर बांधलेली पट्टी, लाल-निळ्या दिव्यांतला धूर... मला वाटलं, नेहमीसारखाच कुणीतरी परत पाठवला. काही वर्षं तो फिरतच होता आणि मी तो उघडणं केव्हाच सोडलं होतं. फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडायला बसले. जेवणानंतर पाहिलं, तर व्हिडिओखाली ओळीनं हात जोडलेले, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्यांच्यामध्येच हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा. कुणाचं तरी बोट घसरलं असेल. नंतर त्यानं तो काढूनही टाकला. पण मी पाहिला होता.

तो तुकडा ज्या सिनेमातला, त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे हा लेख बाजूला ठेवून आधी तोच शोधतील. ऐंशीच्या दशकातला मराठी सिनेमा, आणि तो त्याच दशकातला आहे हे कळायला पाटी वाचावी लागत नाही. पाटलाच्या दिवाणखान्यात वळणदार जिना, कोपऱ्यात लाल टेलिफोन, रंग उडून सगळ्यांचे चेहरे वीटकरी झालेले. शैला त्यात पाटलाची शहरात शिकलेली धाकटी मुलगी होती. खांद्यावर कापूस भरलेलं जाकीट घालून ती वाड्यात डिस्कोचं गाणं म्हणते, मोठ्यांना उलट बोलते, मग हिरो येऊन तिच्या कानाखाली लावतो. धाडकन आवाज होतो, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर पुन्हा पुन्हा धावून जातो. पुढच्या दृश्यात ती नऊवारीत, डोक्यावर पदर, हिरोच्या पाया पडताना. तिचं काम तेवढंच.

ती समुद्रपूरची. वडील एसटीत होते. वर्ध्याला कॉलेजात असताना नाटकात कुणी तरी तिला पाहिलं आणि मामाच्या सोबतीनं ती कोल्हापूरला जाऊन आली. सिनेमा गावातल्या टुरिंग टॉकीजमध्ये लागला तेव्हा सगळं घर पाहायला गेलं. थप्पड बसली तशा शिट्ट्या सुरू झाल्या, लोक उभे राहिले. "बाबांनीबी टाळ्या वाजवल्या," हे ती मला हसत सांगायची. "माह्याच बाजूले बसून होते. म्हणे, बरं झालं, लई चढली होती."

दुसरं काम मिळालं नाही. स्थळं मात्र परत जायला लागली. सिनेमात काम केलं म्हणून काही गेली, तर काही चक्क पाटलाच्या मुलीमुळे. एका बाईनं तिच्या आईला तोंडावर सांगितलं की तुमची पोरगी मोठ्यांना उलट बोलते, आम्ही पाहिलं आहे. शेवटी पंचायत समितीतल्या एका बाबूंनी होकार दिला आणि शैला कारंजा घाडगेला आली, मास्तरीण झाली. तिथेच आमची ओळख.

ती गरीब गाय होती असं कुणी समजू नये. वर्गात ती पट्टीनं मारायची, जोरात मारायची. तळहात लाल झालेली पोरं माझ्याकडे येऊन रडायची. मी एकदा तिला टोकलं. ती वह्या तपासतच म्हणाली, "हातावर मारतो मी. कानाखाली नाई मारत कोणाले." तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता.

तो लागला पवनारला. शाळेची सहल घेऊन गेलो होतो. पोरं धाम नदीच्या पाण्यात उतरायला पाहत होती, मी तिला मागून हाका मारत होते आणि ती शांत बसून. मी चिडून जवळ गेले. "काऊन वं, आयकू नाई येत काय?"

"त्या बाजूनं नाई येत," ती म्हणाली. "सिनेमात लागली ना."

मला वाटलं गंमत करते आहे.

"पहिले खोटीच मारली त्यानं. मंग डायरेक्टर म्हणे, हे खोटं वाटून राह्यलं, पब्लिक हासंन. खरी पाह्यजे. मंग जमेपर्यंत घेत राह्यले."

"अन् तुहा मामा?"

"मामा तिथंच खुर्चीवर होता. त्याले चहा दिलता त्याईनं."

डॉक्टरकडे गेली होतीस का, असं मी विचारलं. गावी आल्यावर गेली होती. कानात तेल घाला म्हणाले. मग ती उठून पोरांवर ओरडायला गेली. त्या दिवसापासून मी तिच्या उजव्या हाताला बसायला लागले.

तिच्या नवऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. ऑफिसात ते 'हिरोईन केली आपण' म्हणून मिरवायचे. घरी ताटात मीठ कमी पडलं की म्हणायचे, "हिरोनं दिली होती तशी पाह्यजे काय अजून एक?" आणि माझ्याकडे पाहून हसायचे, पाहुणीनंही हसावं म्हणून. शैला पोळी वाढायची. ते वारले तेव्हा ती रडली, नियमानं सगळं केलं, आणि तेराव्यानंतर जेवताना मला म्हणाली, "आज मीठ कमीच टाकलं मी." एवढंच.

मग तो व्हिडिओ कुणाच्या तरी हाती लागला. आधी लोक जाकिटाला हसले, मग केसांना, मग त्या धाडकन आवाजाला. पोरं-पोरी त्या आवाजावर एकमेकांना खोट्या थपडा मारून रील टाकायला लागली. त्या जमान्यात असंच असायचं, असं सगळे म्हणायचे. जाकीट त्या जमान्याचं होतं, हे मला मान्य आहे. दिवेही आणि तो जिनाही.

तिच्या मुलाचं, निखिलचं, लग्न नागपूर रोडवरच्या लॉनवर झालं. संगीताच्या कार्यक्रमात त्याच्या मित्रांनी मोठ्या पडद्यावर तो तुकडा लावला. भिंतीएवढी शैला, भिंतीएवढा तो हात. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मग माइकवाल्यानं जाहीर केलं की आता खुद्द आई हाच सीन आपल्याला करून दाखवतील. निखिलच तिला हाताला धरून स्टेजवर घेऊन गेला. जरीची साडी, डोक्यात गजरा, साठीला आलेली बाई. एका मित्रानं हिरोसारखी शर्टाची गाठ मारली होती. मी खुर्च्यांमधून वाट काढत निघाले, पण गर्दी होती. त्यानं हात उचलला. तो मारणार नव्हता, कुणीही सांगितलं असतं. पण हात वर जाण्याआधीच शैलाचे डोळे मिटले आणि मान उजवीकडे वळली. लोकांना ते फारच आवडलं. पुन्हा करायला लावलं.

नंतर जेवणाच्या मंडपात ती माझ्याशेजारी ताट घेऊन बसली. मग म्हणाली, "पब्लिक हासंन म्हणून खरी मारली होती. हासलीच ना."

पुढच्या उन्हाळ्यात तिला हृदयाचा त्रास सुरू झाला. मी शेवटची भेटले तेव्हा तिनं मला लिंबाचं लोणचं भरून दिलं. "भाऊबीजेनंतर येजो, निवांत बसू," म्हणाली. त्याआधीच गेली.

महिना झाल्यावर मी कारंज्याला तिच्या घरी जाऊन आले. निखिलनं पुढची खोली नवी रंगवून घेतली आहे. सोफ्याच्या वर तिचा मोठा फोटो, चंदनाचा हार, खाली लहानसा दिवा. फोटो सिनेमातला आहे. हात बसून गेल्यानंतरचा क्षण कुणीतरी सेटवर टिपलेला. मान वळलेली, डोळे भरून चमकणारे, ओठ किंचित उघडे. गालावरचा वळ रंगांत नीट कळत नाही, पण मला माहीत होतं तो कुठे असणार. फार देखणी दिसते. निखिलची बायको म्हणाली, येणारा प्रत्येक जण फोटोसमोर थांबतो.

"निखिल," मी म्हटलं, "हा काढ बापा. दुसरा लाव."

"काऊन, मावशी?"

मी त्याला सांगितलं. कोल्हापूर, मामाचा चहा, कान. तो मान खाली घालून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं फोटोकडे पाहिलं. मग उठला, खुर्ची ओढली, वर चढला. मला वाटलं, काढतो आहे. त्यानं एका बाजूला सरकलेला हार नीट केला आणि खाली उतरला.

"सगळं घर शोधलं मी," तो म्हणाला. "बाकीच्या सगळ्या फोटोत आई कोणाले ना कोणाले वाढून राह्यली. चेहरा दिसतेच नाई."