पावसासाठी रिकामे कप्पे

माझे वडील, आमचे आप्पा, वेल्ह्याच्या कचेरीत कारकून होते आणि कचेरीमागचं पर्जन्यमापक त्यांच्या ताब्यात होतं. पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला ते काचेच्या मापात पाणी ओतून मिलिमीटर बघायचे, थेट दशांशापर्यंत, आणि वहीत लिहायचे. मला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा. सत्तरच्या दशकात मी पुण्यात एका कार्यालयात संगणकाच्या कामाला लागले आणि पहिलंच काम हातात आलं ते पावसाच्या बेरजांचं! यादीत सगळ्यात वर वेल्हे. मला हसूच फुटलं.

नोकरी कच्ची होती. हे काम जमलं तर पक्की होणार होती. तेव्हा यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कार्डांवरून. आकडे आत येण्याआधी त्यांच्यासाठी रिकामे कप्पे ओळीने मांडून ठेवायचे. त्या ओळीला ॲरे म्हणत. कप्प्यांत पूर्ण आकडे राहणार की दशांशाचे, हेही आधीच सांगावं लागे. मी चार महिन्यांचे एकशे बावीस कप्पे मोठ्या ऐटीत मांडले आणि कार्डांचा गठ्ठा यंत्राला दिला. वेल्ह्याची बेरीज तिथून आलेल्या आप्पांच्या वहीतल्या बेरजेपेक्षा चांगली पन्नासेक मिलिमीटरने कमी आली.

"वेल्ह्याच्या कारकुनाला बेरीज येत नाही," साहेब म्हणाले. "यंत्र कशाला चुकेल? सोमवारी तसा शेरा लिहून पाठवू."

माझं डोकंच सणकलं. पण तो कारकून माझा बाप, हे सांगायची हिंमत झाली नाही. शनिवारी कागद पिशवीत कोंबून मी वेल्ह्याची एसटी धरली.

आप्पांनी स्वतःकडची नक्कल काढली. तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा तीच आली. "म्या चुकलो न्हाई," एवढंच बोलले आणि जेवायला उठेनात. मला रडूही येत होतं आणि रागही.

सकाळी आई पडवीत धान्य साठवायची नवी कणगी शेणमातीने लिंपत होती. शेजारी ताटलीत मूठभर नाचणी. आई रिकामी कणगी लिंपायला बसली की तिच्यात जे धान्य भरायचं त्याची मूठ जवळ ठेवायची. मधूनच चार दाणे आतल्या बाजूला चोळून बघायची, कुठून निसटतात का.

"किती लिंपशील? परवाची तर एकदाच लिंपून झाली," मी उगाच तिच्यावर वैतागले.

"ती भाताची व्हती. ही नाचणीची हाय. भातावानी लिंपली तर बारीक दाणं समदं खाली सांडतील. आदी दाणा बगावा, मंग कणगी लिंपावी."

मी जागच्या जागी थबकले. रोजचा पाऊस मी दशांशासकट वाचून घेतला होता, पण कप्पे मांडताना दाणाच बघितला नव्हता. कप्पे मांडले होते पूर्णांकांचे. बेचाळीस पॉइंट सहा आत टाकले की यंत्र निमूटपणे बेचाळीस ठेवायचं आणि वरचं पॉइंट सहा टाकून द्यायचं. रोज थोडं थोडं, असं चार महिने! मी आईला शेणमातीच्या हातांसकट मिठी मारली.

"येडी झाली का काय," ती म्हणाली, पण हसत होती.

सोमवारी मी सकाळीच साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. "चूक माझी आहे. कप्पे दशांशाचे हवे होते, मी पूर्णांकांचे मांडले. आणि वेल्ह्याचे कारकून माझे वडील आहेत."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गेली नोकरी, मला वाटलं.

"मग दुरुस्त करा की," ते म्हणाले. "आणि मी काय म्हणालो ते वडिलांना सांगू नका."

एकच कार्ड बदललं. बेरीज वहीशी तंतोतंत जुळली आणि मी भर कार्यालयात टाळी वाजवली. पुढे नोकरीही पक्की झाली.

त्या खेपेला मी रोजचे आकडेही छापून घेतले होते. सुट्टीत तो लांबलचक कागद आप्पांपुढे पसरला. बेरजेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एकेका दिवसावर बोट ठेवून ते दशांश मोठ्यानं वाचत सुटले. "ह्यो पॉइंट तीन बग. चिखलात गुडघं टेकून बगितला व्हता, छत्री पार उलटी झालेली." त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले.

"इतकी वर्सं मला वाटायचं," ते म्हणाले, "ह्यो शेवटचा आकडा कुणी वाचतच नसंल."