निळीचा पट्टा, पिवडीचा पट्टा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भिंतीवर ओढलेले चुन्याचे दोन पट्टे. आतल्या खोलीला रंग कुठला द्यायचा यावर आठ दिवस भांडत होतो. तिनं चुन्यात कालवायला पिवडीची पिवळी पूड आणून ठेवलेली, मी नीळ. शेवटी तीच म्हणाली, "दोनी वडू या. वाळूदेत. उद्या सकाळी बघून ठरवू."

चुन्याचं तसंच असतं. ओला असताना तो खरं सांगत नाही. भिंत नुसती भिजल्यासारखी दिसते. रंग वर येतो तो वाळल्यावर. म्हणून आमच्याकडं पट्टा ओढून एक रात्र जाऊ देतात.

माझा हट्ट निळ्याचा. गणेशगुडीला एका लॉजवर रंगकामाला गेलो होतो, तिथली एक खोली निळी होती. आत गेलं की गार वाटायचं. म्हातारपणी आपल्याही घरात तसली एक खोली असावी, एवढंच माझं म्हणणं. म्हणून नीळ मी हात सोडून घातली. मधल्या भिंतीवर चांगला रुंद पट्टा ओढला. तिनं आपला ओढला दाराच्या चौकटीला लागून, खांद्याच्या उंचीवर.

"अगं, मधोमध वड की. तिथं कोपऱ्यात कोण बघतंय?"

"मी बघती न्हवं."

"पिवळी केली तर लोक म्हणतील घराला कावीळ झाली."

"म्हणूदेत. भिंत कुठं हाय ते तरी कळंल."

"भिंत काय पळून जाती व्हय?"

मी हसलो. ती हसली नाही. उरलेल्या पिवळ्या चुन्यावर केळीचं पान झाकलं, कुंचा धुवायला निघाली आणि चौकटीला खांदा आपटला. त्या महिन्यात कितव्यांदा, देव जाणे. मी म्हणालो, "डोळं फुटलं काय तुझं?"

तिनं खांदा चोळला आणि मला भात वाढला. जेवून त्याच खोलीत चटईवर आडवी झाली. चहाच्या वेळी हाक मारली, उठली नाही. परत मारली. मग हात लावून बघितला.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. रामनगरहून लेक आली. आई जिथं निजली होती तिथं तिनं दिवा लावून ठेवला. तो दहा दिवस विझू द्यायचा नाही.

सकाळी दिव्यात तेल घालायला मी आत गेलो. त्या खोलीला खिडकी नाही. चुलीच्या धुरानं भिंती काळ्या पडलेल्या. बाहेर उजाडलं होतं, आत नुसता दिव्याचा उजेड. दोन्ही पट्टे वाळले असणार म्हणून बघितलं. माझा निळा दिसेना. काळ्यात काळा. हातानं चाचपून शोधावा लागला. पिवळा तेवढा दिसत होता, दाराजवळ, तिचा खांदा जिथं आपटायचा तिथंच.

बाहेर येऊन लेकीला विचारलं, "तुझ्या आईला दिसत न्हवतं?"

लेकीनं खाली बघितलं. "तुमास्नी सांगू नको म्हणली होती, अप्पा. दवाखान्यात न्हेऊन ठेवतील, मग त्यास्नी भात कोण वाढंल, म्हणायची."

मला का सांगितलं नाही, असं विचारायला तोंड नाही मला. सांगितलं असतं तर मी काय बोललो असतो, ते आदल्या दिवशीच बोललो होतो.

केळीचं पान काढलं. चुना अजून ओला होता. कुंचा घेतला तशी लेक म्हणाली, "अप्पा, सुतकात? लोक काय म्हणतील?"

"म्हणूदेत."

चौकटीच्या दोन्ही बाजूंनी, वरपासून उंबऱ्यापर्यंत पिवळा ओढला. मग माझ्या निळ्यावरून ओढला. ओला होता, काहीच दिसेना. भिंत नुसती भिजल्यासारखी. लेकीला म्हटलं, "वाळूदे." आणि तिच्या आईच्या चटईवर बसून राहिलो.