जुळलेला ताळा

आमच्या ताईला दुकानात सगळे कीर्दबाई म्हणत. कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही. दिवसभरात काय विकलं, काय घेतलं, कोणी किती दिले, ते आधी कीर्दीत उतरायचं आणि तिथून खतावणीत, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर जायचं. एका कागदाच्या घाऊक दुकानात ताईने उभा जन्म हेच काम केलं. लोक म्हणायचे, त्यात काय एवढं, बसून तर लिहायचं. अशा लोकांना एकदा तिच्या खुर्चीवर बसवायला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीतच पळाले असते.

मी तिची धाकटी बहीण. घरी शिवणकाम करते. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा इथेही जे झालं ते तसंच सांगते.

वडील गेले तेव्हा ताईला कॉलेजात जायचं होतं. गेली दुकानात. थोरल्या मालकांनी तिला शिकवलं की प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एका खात्याच्या नावे आणि दुसऱ्याला जमा. गिऱ्हाइकाने कागद उधार नेला, तर त्याच्या नावे तेवढी रक्कम टाकायची आणि विक्रीच्या खात्याला तेवढीच जमा करायची. कुठून आलं आणि कुठे गेलं, दोन्ही सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. महिना संपला की सगळ्या नावेची बेरीज एकीकडे, सगळ्या जमेची दुसरीकडे. दोन्ही सारख्या आल्या की ताळा जुळला. नाही आल्या तर चूक सापडेपर्यंत उठायचं नाही. आणि खोडायचं तर कधीच नाही. चुकलं तर खाली दुसरी नोंद करून दुरुस्त करायचं, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही.

हे तिच्या अंगात इतकं मुरलं की घरातही तेच. मी म्हणायचे, "ताई, साखर संपली." ती विचारायची, "कुठे गेली?" "पोटात गेली, आणखी कुठे जाणार? चहाच्या नावे टाक, डब्याला जमा कर, आणि मला पैसे दे." ती हसायची, आणि पैसे द्यायच्या आधी खरोखर लिहून ठेवायची.

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता. हिने त्याला विचारलं, पगारातले महिन्याअखेर किती उरतात? तो म्हणाला, कधी मोजले नाहीत. झालं, तिथेच संपलं. ही गोष्ट आम्ही सगळ्यांना हसत सांगायचो. खरं कारण आजारी आई आणि मी होतो, पण ते तिने कधी बोलून दाखवलं नाही.

रोज कामावर जायच्या आधी ती मला सुया ओवून द्यायची. माझा हात पहिल्यापासून धसमुसळा. दोरा थुंकी लावून लावून काळा व्हायचा, पण सुईच्या नेढ्यात जायचा नाही. ती खिडकीशी उभी राहून पाच-सहा रंगांचे दोरे एका दमात ओवायची आणि सुया उशीत टोचून ठेवायची. मग एका वर्षी ते हळूहळू बंद झालं. आज घाई आहे. आज डोकं दुखतंय. आज तूच ओव, किती दिवस लाड करून घेणार? मी फणकारले, बोलले नाही दोन दिवस. तिने चष्मा बदलला, पुन्हा बदलला. मला वाटलं, वय झालं, सगळ्यांचं होतं.

दुकानाच्या मागच्या गल्लीत एक बाइंडर होता. वह्या, पावतीपुस्तकं बांधून द्यायचा. ताईची कीर्द आणि खतावणीसुद्धा दरवर्षी तोच बांधायचा, लाल कापडाचा कणा लावून. हाताला कायम खळ लागलेली, बोलणं गरीब. तरुणपणी पत्त्यांच्या नादाला लागून त्याने घर धुऊन काढलं होतं. मग बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि पत्ते सुटले. त्यानंतर बायकोने स्वतःचे दागिने मोडून त्याला कागद कापायचं मशीन घेऊन दिलं. हे तो स्वतःच काउंटरवर सगळ्यांना सांगायचा. मशीनला तो मालकीणबाई म्हणायचा.

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. वह्यांच्या कामाचे. बाइंडरची बायको तेव्हा दवाखान्यात होती, आणि तो दुकान आणि दवाखाना अशा खेपा घालत होता. मालकांनी सगळ्यांना उधारीची येणी कळवली तशी त्यालाही चिठ्ठी गेली. तो चिठ्ठी घेऊन ताईकडे आला.

"कीर्दबाई, एवढा कागद मी कधी नेला हो?"

ताईने खतावणी उघडली. मग पावत्यांच्या तारेतून, माल देताना गोदामवाल्याने लिहिलेली त्याची पावती काढली, उजेडाकडे धरली आणि वाचून दाखवली. नऊ हजार एकशे चाळीस. ती म्हणाली, "माझा ताळा जुळलाय. एक पैसा इकडे तिकडे नाही."

त्याने पावती बघायला हातसुद्धा पुढे केला नाही. म्हणाला, "तुम्ही बघितलंत ना, मग झालं. माझंच डोकं हल्ली ठिकाणावर नसतं."

जुनी बाकी फिटेपर्यंत नवा माल उधार द्यायचा नाही, असा दुकानाचा नियम होता आणि तो सगळ्यांना सारखा होता. हंगाम तोंडावर आलेला. बाइंडरने, कागद काय हातानेही कापता येईल म्हणत, मशीन विकलं आणि बाकी चुकती केली. ताईने ती रोखीच्या नावे टाकली, त्याच्या खात्याला जमा केली. त्या महिन्याचाही ताळा जुळला. पुढे हिवाळ्यात त्याची बायको गेल्याचं कळलं. ताई म्हणत राहिली, जाऊन यायला हवं, जाऊन यायला हवं, पण काम सुटेना.

वर्षअखेर आली. वह्या मिटायच्या आधी ताई वर्षभराच्या सगळ्या पावत्या कीर्दीशी पुन्हा ताडून बघायची, एकटीच. त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर दुकानात. तू पावत्या वाच, मी वहीत खूण करते." मी म्हणाले, "इतकी वर्षं नाही लागले, आज कशी लागले?" म्हणाली, "चल गं. येताना चहा पाजते."

दुकान बंद होतं. कागदाच्या रिमांच्या थप्प्यांमधून तिच्या टेबलापर्यंत जायला एक माणूस जाईल एवढीच वाट. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा. दिव्याखाली तिने कधी कोणास ठाऊक एक भिंग आणून ठेवलं होतं. मी भिंगाकडे बघितलं, तिने ते वहीखाली सरकवलं. मी पावत्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

मी वाचत गेले. ती भिंग घेऊन, वहीवर नाक टेकवून खुणा करत गेली. बाइंडरची पावती आली.

"एक हजार एकशे चाळीस," मी वाचलं.

"परत वाच."

"एक हजार एकशे चाळीस."

"नऊ हजार."

"नऊ नाही गं, एक आहे. वळण बघ ना."

आपला एक आणि आपला नऊ, दोघांना गाठ आणि दोघांना शेपूट. काय तो वळणाचा फरक. गोदामवाल्याने घाईत लिहिलं होतं, पण एकच लिहिला होता. कोणालाही दिसला असता. ताईने पावती माझ्या हातातून घेतली, खिडकीशी गेली, जवळ धरली, लांब धरली, मान वाकडी करून कडेने बघितली.

"मला दोन्ही सारखेच दिसतात," ती म्हणाली.

मी तिला खुर्चीवर बसवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टरांकडे ती एकटी जाऊन आली होती. डोळ्याच्या पडद्याचा आजार. मधलं पुसट होत जातं, कडेचं तेवढं दिसत राहतं. चष्म्याने भागत नाही, औषधाने परत येत नाही. सवयीच्या जोरावर ती लिहीत होती. धीर एकाच गोष्टीचा होता, की चुकलं तर ताळा सांगेल.

ताळा कसा सांगणार? तिने एकदाच चुकीचं वाचलं आणि तोच आकडा दोन्हीकडे लिहिला. बाइंडरच्या नावे नऊ हजार एकशे चाळीस, विक्रीला जमा नऊ हजार एकशे चाळीस. दोन्ही बाजू सारख्या आणि दोन्ही खोट्या. हे होऊ शकतं, हे तिला थोरल्या मालकांनी शिकवलं होतं. म्हणूनच तर पावत्या ताडायच्या. पण तीसएक वर्षांत तिच्याकडून असं कधी झालं नव्हतं. मग माणूस ताळ्याच्याच भरवशावर निजतो.

"त्याने मशीन विकलं," ती म्हणाली. पुढचा बराच वेळ ती एवढंच म्हणत होती.

मी म्हणाले, "गप्प बस. पावती तारेला लाव, गठ्ठा बांध, माळ्यावर टाक. वही जुळलेली आहे, कोणी बघणार नाही. दोन वर्षं कशीतरी काढ आणि मानाने घरी ये. पैसे आपण गुपचूप त्याच्या दारात टाकू, मी शिवून फेडीन." मी असं म्हणाले, आणि आजही तेच म्हणेन. बहीण माझी होती.

ती म्हणाली, "कुठून आले म्हणून सांगशील त्याला?"

दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सांगितलं. थोरले जाऊन आता त्यांचा मुलगा बसत होता. बिचारा चांगला माणूस. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "बाई, पैसे आज परत करू. चूक कोणाची होत नाही? पण डोळ्यांचं असं असेल, तर आता तुम्ही आराम करा." तिने मान डोलावली. मग खुर्चीवर बसून शेवटची नोंद केली. विक्रीच्या नावे आठ हजार, बाइंडरला जमा आठ हजार. खाली कारण लिहिलं, पावती चुकीची वाचली. ओळ वर चढत गेली होती. तिची ओळ कधी हलायची नाही.

बाइंडरकडे मी तिच्याबरोबर गेले. दुकान बारकं. मधोमध फरशीवर मशीनच्या जागी चौकोनी फिकट डाग आणि चार बोल्टांची भोकं. त्याने स्टूल पुसून ताईला दिलं. ताई बसली नाही. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, डोळ्यांचंही नाही, आणि पाकीट पुढे केलं.

तो पाकिटाकडे बघत राहिला. मी मनात म्हणत होते, शिव्या दे, काय हवं ते बोल, पण बोल. शेवटी तो बोलला, पण ताईशी नाही, त्या फरशीशी बोलल्यासारखा.

"म्हणजे मी नव्हताच नेला कागद."

"नाही," ताई म्हणाली.

"दवाखान्यातून ती घरी आली आणि बघितलं, तर मशीन नाही. मी सांगितलं, कागदाची बाकी होती. तिने विचारलं, एवढा कागद? वह्या कुठे आहेत त्याच्या? मला सांगता येईना. कागद कुठे गेला, ते मलाच कळत नव्हतं." त्याने हाताची वाळलेली खळ खरवडली. "तिला वाटलं, मी पुन्हा पत्त्यांवर बसलो. मी सोडले होते हो. तिच्या डोक्यावर हात ठेवून सोडले होते. ती भांडली नाही. नुसती बोलेनाशी झाली. जाईपर्यंत."

ताई तेव्हा स्टुलावर बसली.

त्याने पाकीट उघडलं नाही. मांडीवर ठेवलं आणि अगदी साधेपणाने, हिशेब विचारावा तसं विचारलं, "कीर्दबाई, पैसे आले. पण तिला आता कुठे सांगू?"

माझ्या तोंडाला त्या दिवशी कुलूप बसलं. आम्ही बाहेर आलो. रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला. लहानपणी मी तिचा धरायचे, तसा. घरापर्यंत सोडला नाही.

पुढे तिचं दिसणं कमी कमी होत गेलं. ती आठ-दहा वर्षं घरी होती. बाइंडर अधूनमधून यायचा, दोघं चहा प्यायचे, फार बोलायचे नाहीत. त्याने मशीन पुन्हा घेतलं नाही. पैशांचं काय केलं, ते तिने विचारलं नाही आणि मीही नाही. सुया मी माझ्या ओवायला शिकले, शिव्या देत देत. ती शेजारी बसून हसायची.

फक्त महिनाअखेरीला ती मला घरखर्चाची वही वाचायला लावायची. तोंडी बेरीज करायची, दोन्ही बाजूंची. कधी नाही जुळलं तर शांतपणे म्हणायची, "असू दे, सापडेल." जुळलं की मात्र तिचा चेहरा उतरायचा. पदराचं टोक हातात घट्ट धरून म्हणायची, "परत वाच."