हात वर करणारे आतोबा

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून, कुणीही विचारलेलं नसताना खरं बोलून अख्खं गाव रडवणारा एकच माणूस आजवर झाला, आणि तो आमच्या घरातला होता. हे मी मान ताठ ठेवून सांगते. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. लोधिवलीला तेव्हा हायस्कूल नव्हतं, म्हणून वडिलांनी मला आत्याकडे कर्जतला ठेवलं. पत्र्याची ट्रंक घेऊन मी दारात उभी राहिले, तेव्हा आतोबांनी माझ्याकडे न बघता लांब उडी मारून उंबरठा ओलांडला, आत जाऊन मोठ्ठा श्वास सोडला आणि मगच वळून म्हणाले, "ये गं बाय, कवा आलीस?" मला वाटलं माणूस वेडा आहे. आत्या म्हणाली, "घाबरू नको. गिरणीपासनं दम धरून आलेत."

आतोबा भातगिरणीत कामाला होते, पण ते पोटासाठी. त्यांचा खरा उद्योग कबड्डी. कर्जतच्या संघाचे ते पहिले चढाईपटू. समोरच्या संघाच्या अंगणात "कबड्डी कबड्डी" म्हणत शिरायचं, गडी शिवायचे आणि दम न सोडता मधली रेषा ओलांडून परत यायचं, हे काम त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. त्याचा सराव ते सगळीकडे करत. गिरणी सुटली की दाराशी दम धरत आणि तोंडातल्या तोंडात कबड्डी घोळवत थेट घरापर्यंत येत. वाटेत कुणी "काय, जेवलाव का?" विचारलं तर नुसता हात हलवत. त्यामुळे नव्या माणसांना ते फार गर्विष्ठ वाटायचे. एकदा आत्याच्या माहेरचे पुण्याकडचे पाहुणे स्टेशनात उतरले, समोरून आतोबा आले आणि त्यांच्या मधून कबड्डी पुटपुटत निघून गेले. पाहुणे रुसून पुढच्या गाडीने परत चालले होते. घाट चढायला कर्जतला गाडीला जादा इंजिन जोडतात, तेवढ्यात आत्याने त्यांना डब्यातून हाताला धरून खाली उतरवलं.

दुसरी खोड खरं बोलण्याची. ही कबड्डीतूनच आली. जुन्या खेळाडूंत एक रीत होती. आपल्याला गडी शिवला असेल आणि पंचांना दिसलं नसेल, तर आपणच हात वर करून बाहेर जायचं. बाकीचे खेळाडू ही रीत मैदानावर पाळत आणि मैदानावरच ठेवून येत. आतोबा ती घरी घेऊन आले. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा खोपोलीची मंडळी पोहे खात बसली होती. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "मुलगी स्वभावाने कशी आहे?" माझे वडील "गरीब गाय" म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात आतोबांचा हात वर. "पोरगी गुणाची हाय. पन चिडली का भांडी उडत्यात. मागल्या म्हैन्यात कळशीला पोचा आनला तिनं." वडिलांचा चेहरा पोह्यांसारखा पिवळा पडला. मुलाकडचे एकमेकांकडे बघून हसत सुटले. मुलाचे वडील म्हणाले, "एवढं खरं बोलणारा माणूस ज्या घरात आहे, तिथली मुलगी आम्हाला चालेल." तो मुलगा म्हणजे माझा नवरा. कळशीबद्दल तो अजून विचारतो.

पण हे सगळं पुढचं. आधी तो अंतिम सामना सांगायला हवा. मी तेव्हा शाळेत होते. जिल्ह्याची स्पर्धा आमच्या बाजाराच्या मैदानात भरली होती आणि कर्जतचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत आला होता, समोर अलिबागकडचा संघ. बैल सोडून लोक गाड्यांवर उभे होते, चिंचेच्या झाडावर पानांपेक्षा माणसं जास्त. वेळ संपत आली, कर्जत एका गुणाने मागे, आणि शेवटची चढाई आतोबांची. त्यांनी दोन गडी शिवले, तिसऱ्याच्या हातून पाय सोडवला आणि रेषेपलीकडे लोळण घेतली. पंचांनी कर्जतला तीन गुण दिले. मैदान फुटलं. गुलालाचं पोतं उघडलं, ढोल सुरू झाला, कुणी कुणाला उचलतंय ते कळेना. या सगळ्याच्या मध्ये आतोबा एक हात वर करून उभे.

पंच जवळ गेले. "काय झालं?"

"माझा दम सुटला व्हता. रेषेच्या त्या अंगाला."

"मला ऐकू आलं नाही."

"मला आलं ना!"

आमचा कप्तान धावत आला. त्याने आतोबांचा हात धरून खाली ओढला. सोडल्यावर हात परत वर गेला. अलिबागवाल्यांचा कप्तानसुद्धा म्हणाला, "जाऊ दे ना बाबा, ढोल वाजला." पण खेळाडूनेच कबूल केल्यावर पंचांना इलाज नव्हता. आतोबा बाद, अलिबागला गुण, वेळ संपली. ढोल मधेच थांबला तर किती भयाण वाटतं, ते त्या दिवशी मला कळलं. तो गुलाल पुढच्या गणपतीत वापरला, आणि तेव्हाही उधळताना कुणी हसत नव्हतं.

कर्जतने त्यांना क्षमा केली नाही. न्हाव्याने दाढी करताना शब्द बोलणं सोडलं. हॉटेलवाला चहा आणून टेबलावर आदळायचा. आतोबा दिसले की रस्त्यावरची पोरं एक हात वर करून उभी राहायची. "का रं दादा, दम हाय का सुटला?" गिरणीत पोत्याआड कुजबुज, की अलिबागवाल्यांनी याला काहीतरी दिलं असणार. हे शेवटचं त्यांना लागलं. आत्याने विचारलं, "अवो, मग बोला ना त्यांना चार शब्द." ते म्हणाले, "काय बोलू? त्यांचं मन मोडलंय, त्यांना कायतरी मोडायला पायजे." आणि रविवारी ते एकटेच घाटाकडे चालायला जाऊ लागले. ठाकुरवाडीच्या अंगाला, डोंगरात. तिकडे तेव्हा हातभट्टीचे अड्डे होते. पुढे एकदा मी रागाने विचारलं, की गावात एवढी माणसं असताना तिथे जाऊन का बसलात? तर म्हणाले, "तिथं कोनाला मॅच म्हाईत नव्हती गं."

दारू लागली. रविवारची रोज झाली. ते भांडत नसत, कुणावर हात उगारत नसत, पण गिरणीची नोकरी गेली, आत्याच्या हातातल्या पाटल्या गेल्या, आणि आत्याने एक म्हैस आणि पोहे कांडणं यावर घर उभं ठेवलं. या दिवसांतही आतोबांची रीत सुटली नाही. पिऊन आले की घरात शिरत नसत. अंगणात उभे राहून हात वर करायचे, "मी बाद," असं जाहीर करायचे आणि ओट्याच्या टोकाला जाऊन बसायचे. कबड्डीत बाद झालेला गडी कडेला बसतो, आणि आपल्या संघाने समोरचा गडी मारला की जिवंत होऊन परत आत येतो. तसंच. घरातल्या कुणीतरी काहीतरी कमावलं, की आतोबा आत. पहिल्यांदा आत्या रडली. मग तिनेही तो नियम कडक केला. माझा गणिताचा पेपर चांगला गेला, आतोबा जिवंत. म्हैस व्याली आणि पारडी झाली, जिवंत. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "अजून बादच का?" आत्या म्हणायची, "काय करू, आज कुणी काही दिवेच लावले नाहीत."

एका दिवाळीत ते पहाटेपासून ओट्यावर. घरात सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, फराळाची ताटं लागली, आणि कमाई म्हणावं असं काही घडेना. आत्या दहा वेळा दारापर्यंत जाऊन आली. शेवटी चुलीपाशी बसून तिने भाकऱ्या टाकल्या आणि ओरडली, "आज सगळ्या भाकऱ्या फुगल्या! या आत!" दिवाळीच्या सकाळी भाकऱ्या कोण करतं? आतोबांना ते कळलं. मान खाली घालून आत आले आणि फराळ बाजूला सारून त्यांनी आधी भाकरी खाल्ली.

हसू येतं, पण पाऊस ओट्यावरही पडतो. माझं लग्न होऊन मी खोपोलीला गेले तोवर आतोबांचे हात कापायला लागले होते, पाय सुजले होते. गावातल्या डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर हा माणूस फार दिवस काढणार नाही.

अशात एक दिवस अलिबागहून दोघे एस्टीने आले. मी आत्याकडेच होते. स्पर्धा पुन्हा कर्जतला भरायची होती आणि आदल्या काही वर्षांत पंचांवरून इतकी भांडणं झाली होती की कुणी कुणाचा पंच मानायला तयार नव्हतं. ते दोघे आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना सोबत घेऊन अंगणात उभे राहिले. अध्यक्ष म्हणजे ज्याने हात खाली ओढला होता तोच कप्तान, आता पोट सुटलेला. आतोबा नेमके ओट्यावर, बाद.

अलिबागकर म्हणाले, "पंच म्हणून हेच पायजेत. हे नसतील तर आमी येत नाय."

अध्यक्ष जमिनीकडे बघत म्हणाला, "काय म्हनताव मंग?"

आतोबांनी हात वर केला. "मी पितो. आतापन प्यालोय. पिनारा पंच चालंल का?"

"खोटा नाय चालत," अलिबागकर म्हणाला.

आतून आत्याचा आवाज आला, "पिनारा बी नाय चालत!"

ती पदर खोचून बाहेर आली आणि अध्यक्षाला म्हणाली, "पंधरवडा हाय ना मधी? तो झाला का घेऊन जा. मी देते तुमाला पंच."

मग मी कामाला लागले, कारण आत्याचं धैर्य मोठं पण आखणी शून्य. डॉक्टरांकडून औषध आणलं. पेज आणि लिंबाचं सरबत ठरवून दिलं. दिवेलागणीच्या वेळी त्यांच्यापाशी कोण बसेल याच्या पाळ्या लावल्या, कारण ओढ तेव्हाच यायची. माझ्या नवऱ्याला पत्ते घेऊन बोलावलं. आतोबांनी पत्त्यांतही स्वतःची लबाडी स्वतःच सांगून त्याला जेरीस आणलं. पण ते पहिले दिवस मी विसरू शकत नाही. घामाने गादी भिजायची. भिंतीवरून मुंग्या उतरतात असं म्हणून ते पाय झाडायचे. एका दुपारी ते दाराशी आले, आत्या दाराला पाठ लावून बसली होती. "सोड गं. एवढी एकच येळ." तिने पाठ आणखी घट्ट दाराला लावली. "मेलो तर बरा का मी?" ते तिच्या शेजारी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण दारापासून हलली नाही.

मैदानावर ते धुतलेला सदरा घालून उभे राहिले. ओठ इतके थरथरत होते की एका शिट्टीच्या तीन व्हायच्या. पहिल्या सामन्यात खेळाडू तिसरी शिट्टी होईपर्यंत वाट बघत थांबायचे. पण त्यांनी दिलेल्या एकाही निर्णयावर कुणी ब्र काढला नाही. पुण्याकडचे पाहुणेसुद्धा म्हणाले, असा पंच आमच्याकडे नाही. आमचा संघ उपांत्य फेरीत हरला, आणि असा सडकून हरला की दोष द्यायला एकसुद्धा शिट्टी सापडेना. गावाला पहिल्यांदाच शांतपणे वाईट वाटता आलं. संध्याकाळी अध्यक्षाच्या घरी पाहुण्यांसाठी बाटल्या निघाल्या. आतोबांना आग्रहाने बोलावलं होतं. आत्या ओट्यावर उभी, मी तिच्या मागे. समोरून ते अंगणात आले, थांबले. आत्याने पदर मुठीत धरला होता. ते तिला म्हणाले, "बाजूला हो की. भूक लागलीय," आणि आत गेले.

नंतर ते दोनदा घसरले. दोन्ही वेळा स्वतःच येऊन सांगितलं, म्हणून मीही सांगते. मग मात्र सुटली ती सुटली. कितीतरी वर्षं जिल्ह्यात जिथे भांडण तिथे आतोबांची शिट्टी, आणि ज्या हॉटेलात चहा आदळायचे तिथला मालक बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला बोट दाखवून सांगू लागला, "ते आमचे पंच."

आत्या त्यांच्या आधी गेली. तेराव्यापर्यंत आम्ही सगळे तिच्यासाठी रडत होतो आणि डोळे त्यांच्यावर ठेवून होतो. सगळ्यांच्या मनात एकच भीती, हे परत ठाकुरवाडीची वाट धरतील. चौदाव्या दिवशी दुपारी ते घरात दिसेनात. मी मागल्या दारी धावले, तर ते तिथल्या चुलीपुढे पातेलं घेऊन उकिडवे बसलेले. "भात कसा टाकायचा ते दाखव गं बाय," म्हणाले. "आता मला आत बोलवायला कोन नाय. मला आतच ऱ्हायला पायजे." मी तांदूळ धुऊन दिले, पाणी किती ते बोटाच्या पेरावर दाखवलं. त्यांनी आत्याची सवय आठवून थोडं जास्तच घातलं. भात गिचका झाला. आम्ही तो दोघांनी, तिच्या ताटात वाढून घेतला आणि संपवला.