मुद्दाम चुकणारी मियाओ वहिनी

आमच्या गल्लीत सकाळ व्हायची ती शीदादांच्या कवितेनं. पेज आणि वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं खाऊन झालं की ते दारातल्या बांबूच्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि एखादी जुनी कविता आळवायला लागायचे. ते वाचन नव्हतं आणि गाणंही नव्हतं, दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं. लहानपणी गुरुजींनी जो सूर दिला त्या एकाच सुरात सगळ्या कविता. काही अक्षरं श्वास पुरेल तितकी लांब ओढायची, काही तोंडात आली की तिथंच तोडायची, काकडी मोडावी तशी. रेडिओवरच्या प्रमाण चिनी भाषेत ही तुटकी अक्षरं आता उरलीच नाहीत. आमच्या चांगचौच्या बोलीत मात्र ती शाबूत आहेत, आणि दादांचा तोरा असा, जणू ती त्यांनी एकट्यानंच जपून ठेवली होती.

याचा जाच सगळ्यात जास्त मियाओ वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला. वहिनींचा जन्म फण्यांच्या कारखान्यात गेला. बांबूच्या फणीचे दाते घासून घासून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. अक्षरओळख नव्हती, पण तोंड असं की समोरच्यानं गप्प बसलेलंच बरं.

"अहो, गाणं असेल तर गा, बोलणं असेल तर बोला! हे मधेच काय अडकलंय घशात?"

"तुला काय कळतंय त्यातलं, रुइफांगची आई!" दादा डोळे न उघडताच म्हणायचे. रुइफांग ही त्यांची एकुलती एक मुलगी, नानजिंगला दिलेली.

मी त्यांचा शेजारी. सूतगिरणीत दादांच्या हाताखाली काम केलं आणि पुढं बुद्धिबळात रोज त्यांच्याकडून मार खाल्ला. हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की दोघांची वाक्यं मला पाठ होती. एक मात्र सांगतो, दादांचं ते 'तुला काय कळतंय' मला कधी आवडलं नाही. वहिनी हसून सोडून द्यायच्या, पण त्यानंतर फणी घासायचा आवाज जरा मोठा यायचा.

मग एका हिवाळ्यात दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा ते नुसते बघत होते, आणि काय बघत होते ते कळत नव्हतं. गल्लीतली सकाळ मुकी झाली. दादा रोज तासभर आमचं डोकं खायचे खरे, पण ते थांबल्यावर घरातून बाहेर पडावंसं वाटेना.

रुइफांग आली, रडली, चार दिवस राहिली. जाताना म्हणाली, "आई, बाबा कोणालाच ओळखत नाहीत गं. तुझंही वय झालंय. नानजिंगला एक चांगली जागा आहे, तिथं रात्रंदिवस बघायला माणसं असतात. थंडी सरली की मी त्यांना न्यायला येते."

"ओळखतात ते," वहिनी म्हणाल्या.

"कशावरून?"

वहिनी दादांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागल्या.

एक दिवस त्या दादांचे केस विंचरत होत्या. विंचरता विंचरता नकळत दादांचाच सूर गुणगुणायला लागल्या. नावेतून दूर निघालेल्या माणसाची कविता होती, दादांची लाडकी. इतकी वर्षं कानांवर पडून पडून शब्द तोंडात बसलेले, पण कुठं तोडायचं, कुठं ओढायचं याचा पत्ता नाही. एक तुटकं अक्षर त्यांनी ऐसपैस ओढलं. दादांचा डावा हात खुर्चीवर थाडकन आपटला.

केस ओढला गेला असेल म्हणून वहिनींनी फणी बाजूला धरली आणि ओळ पुन्हा म्हटली. त्याच जागी पुन्हा हात आपटला. दादांचा चेहरा लालबुंद. वहिनींनी तिसऱ्यांदा तेच अक्षर ओढलं, तसं दादांचं तोंड उघडलं आणि पूर्ण ओळ बाहेर आली, स्वच्छ, जिथं तोडायचं तिथं तोडून.

वहिनी फणी हातात घेऊनच माझ्या दारात. "भावजी, चला लवकर! माझ्यावर चिडले! अहो, चिडले माझ्यावर!"

नवरा चिडला म्हणून इतकी हरखलेली बाई मी जन्मात पाहिली नाही.

तेव्हापासून त्यांचा रोजचा उद्योगच झाला. वहिनी चुकायच्या, दादा हात आपटायचे आणि बरोबर म्हणून दाखवायचे. पाणी मागता यायचं नाही, 'हो' म्हणता यायचं नाही, पण कविता अख्खी यायची. आधी वहिनी खऱ्याच चुकायच्या. पुढं पुढं इतकं कळायला लागलं की चुकायला मेहनत पडायची. "काय सांगू भावजी," त्या मला म्हणाल्या, "उद्या काय चुकावं याचा रात्री विचार करावा लागतो." संसारभर ज्यातलं काही कळत नाही म्हणून ऐकून घेतलं, ते त्या माणसाकडूनच त्या शिकल्या, आणि त्याला कळूही न देता.

थंडी सरली आणि रुइफांग आली. तिनं सगळं पाहिलं, डोळे पुसले, पण बेत काही बदलला नाही.

"मी डॉक्टरांना विचारलंय आई. पाठ केलेलं डोक्यात वेगळ्याच कोपऱ्यात राहतं म्हणे. ते बाहेर आलं म्हणजे माणसाला कळतंय असं नाही. बोलायला काय, पोपटसुद्धा बोलतो."

"पोपट चिडत नाही."

"चिडतो आई. आमच्या शेजाऱ्यांचा चावतोसुद्धा."

मला त्या पोरीचा राग आला, पण तिचंही खोटं नव्हतं. नोकरी, घर आणि वर लांबून आई-बापाची काळजी, तिचाही जीव मेटाकुटीला आला होता. ती बापाच्या पुढ्यात बसली, आईकडं बोट दाखवून विचारलं, "बाबा, ही कोण?" दादा बघत राहिले. तोंड हललं, शब्द आला नाही. रुइफांगनं मान खाली घातली आणि बापाच्या कपड्यांची बॅग भरायला घेतली.

दुपारी टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. वहिनींनी दादांचे केस नीट विंचरले आणि त्यांच्या गुडघ्याशी बसल्या.

"जाताना एकदा म्हणू या," त्या म्हणाल्या, आणि तीच नावेची कविता सुरू केली. या खेपेला त्या कुठंही चुकल्या नाहीत. ओढायचं तिथं ओढलं, तोडायचं तिथं तोडलं. मी दादांच्या हाताकडं बघत होतो. तो आपटला नाही, कारण आपटायला जागाच नव्हती. दादा नुसते ऐकत होते आणि त्यांचे ओठ वहिनींबरोबर हलत होते.

शेवटच्या ओळीत तो प्रवासी नावेतून मागं वळून बघतो आणि 'माझं घर' एवढे दोन शब्द येतात, तिथं कविता संपते. तिथवर आल्या आणि वहिनींना रडू फुटलं. ते दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघेनात.

ते दादांनी घेतले. पण 'माझं घर' असं नाही म्हणाले. त्या जागी, त्याच सुरात, ते म्हणाले, "यिनह्वा." शेवटचं अक्षर श्वास संपेपर्यंत ओढलं. आमच्या बोलीत 'घर' या शब्दाचा आणि 'ह्वा'चा शेवट जुळतो, म्हणजे यमकसुद्धा बिघडू दिलं नाही पठ्ठ्यानं.

यिनह्वा कोण हे क्षणभर माझ्याही ध्यानात येईना. गल्लीला त्या मियाओ वहिनी, दादांना रुइफांगची आई. वहिनींचं हे नाव मी दादांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

रुइफांगच्या हातातला सदरा तसाच राहिला. "बाबा," ती म्हणाली, "काय म्हणालात?"

वहिनी रडत होत्या आणि तोंडही चालूच होतं. "लाज नाही वाटत? म्हातारपणी, भावजींच्या देखत नाव घेता माझं?"

दादांचा डावा हात वहिनींच्या डोक्यावर टेकलेला होता.

रुइफांगनं सदरा बॅगेत टाकला नाही, खुंटीला लावला. मग बाहेर गेली आणि टॅक्सीवाल्याला म्हणाली, "तुम्ही जा. आमच्याकडचं आज कोणी येत नाही."