लेण्यापासून शंभर मीटर

मावशी गेली आणि तिचं घर धाकटीला मिळालं. मला काय मिळालं? एक्झिक्युटरगिरी. म्हणजे मृत्युपत्रात लिहिलंय ते पार पाडायचं आणि कचेऱ्यांचे खेटे घालायचे. तशा एक्झिक्युटर आम्ही दोघी बहिणी, पण धाकटीला अर्ज कुठला नि पावती कुठली हे कळत नाही. मालकीण ती, हमाल मी. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

घर बोरिवलीला, जुन्या लेण्याजवळ. दोन खोल्या, वर कौलं, मागे शेवग्याचं झाड. धाकटी घाटकोपरला एका खोलीत सहा माणसांत राहते. तिला हे पाडून खाली-वर असं नवं बांधायचं होतं. मावशीची अट एवढीच, की पाडायचं की डागडुजी करायची ते दोघींनी मिळून ठरवावं, मग घर धाकटीच्या ताब्यात द्यावं. आणि सरकारची अट अशी, की लेण्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकून पुरातत्त्वच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी नकाशा पसरला. "मॅडम, तुम्ही लोक लेणं म्हणजे गुहेचं तोंड धरता. आम्ही कुंपणापासून मोजतो." पोरं क्रिकेट खेळतात ते पुढचं अख्खं मैदान म्हणे लेण्यातच धरलेलं. तिथून आमचं घर साठ मीटरवर. एकदा पाडलं की परत उभं राहणार नाही. परवानगी काढून फक्त दुरुस्ती करता येईल.

बाहेर येऊन मी कटिंग मागवला. इतका झकास चहा कित्येक दिवसांत प्यायले नव्हते. धाकटीला फोन मात्र केला नाही.

शनिवारी ती लांबलचक टेप घेऊन आली. मला एक टोक धरून गुहेच्या तोंडाशी उभं केलं आणि स्वतः खडूने खुणा करत, टेप ओढत घराकडे निघाली. शेवटची खूण झाली तशी तिथूनच ओरडली, "ताई, एकशे बारा! सुटलो गं!" मी तिला नाचू दिलं. मनसोक्त नाचू दिलं. मग जवळ जाऊन सांगितलं.

ती मटकन ओट्यावर बसली. "हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आणि आज मला उन्हात टेप ओढायला लावलीस?"

माझं डोकंच फिरलं. "मग काय करू? सगळं तुलाच! मी कोणी नव्हते का तिची? भांडुपहून दर महिन्याला औषधं कोण आणून देत होतं? घर गेलं खड्ड्यात. एकदा तरी म्हणाली का मला, ये गं, राहा दोन दिवस?"

मला वाटलं, आता ही रडणार.

"म्हणायची ना. दर वेळी म्हणायची. तू दारातूनच पिशवी द्यायचीस आणि 'घाईत आहे' म्हणून पळायचीस. एकदा तरी चप्पल काढून आत आलीस का, ताई?"

एवढं बोलून ती उठली आणि कौलं कुठे गळतात ते बघायला आत गेली. "ये ना, लिहून घे," आतून हाक आली, "दुरुस्तीच्या अर्जात टाकायला लागेल." मी उंबऱ्याबाहेर उभी होते. चपला पायातच होत्या.